अरुणाताईंची पत्रं ओवलेली तार

मी एक जुनी पत्रांची तार आहे. खाली लाकडी चकती, वर आकडा आणि मधे माझा सडपातळ देह. मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही. पूर्वी घरी आलेलं पत्र वाचून झालं की माझ्यात ओवत आणि मला भिंतीला टांगत.

जयप्रकाशरावांनी मला रत्नागिरीच्या बाजारातून आणलं. नोकरीमुळे ते तिथे एकटे राहत. त्यांची बायको अरुणा, कथा लिहिणारी, इकडे नेरूळला सासूबाईंसोबत असे. तिच्या पत्रांत सगळी वाचनाचीच खबरबात. आज कादंबरीचा शेवट आधी वाचला, काल डाळीच्या पुडीचा कागद वाचता वाचता दूध उतू गेलं! जयप्रकाशराव हसत आणि पत्र माझ्यात ओवत. काय तोरा होता तेव्हा माझा!

निवृत्त होऊन ते नेरूळला आले आणि मी माळ्यावर गेले. नव्या भिंतीला खिळा मारायचा नाही म्हणे. आता ते नाहीत. पुढे अरुणाताईंना अक्षर दिसेनासं झालं, तशी त्यांनी पुस्तकांकडे पाठच फिरवली. सून सुमेधा वाचून दाखवते म्हणाली, तर म्हणाल्या, "ऐकणं म्हणजे वाचन नव्हे. राहू दे." लिहिणंही थांबलं. दिवसभर बाई नुसत्या गॅलरीत बसून. जीव तुटायचा माझा.

दिवाळीच्या साफसफाईत सुमेधानं मला खाली काढलं. "आई, ही तुमची पत्रं ठेवायची की टाकायची?"

"टाक. कुणाला हवीत आता?"

पण तार रिकामी करायची तर पत्रं वरूनच एकेक काढावी लागतात. काढता काढता सुमेधा मोठ्यानं वाचू लागली. तळाशी सगळ्यात जुनं पत्र निघालं. "तुमच्या आईंना अक्षरओळख नाही, पण आज त्यांनी अख्खी कादंबरी वाचून संपवली. मी फक्त तोंड चालवलं, वाचलं त्यांनीच. शेवटाला माझ्याआधी रडल्या."

अरुणाताईंनी हात पुढे करून ते पत्र स्वतःकडे घेतलं. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "टेबलावर माझं अर्धं राहिलेलं पुस्तक आहे, ते आण. आणि सावकाश वाच हं, तुझी गाडी फार फास्ट असते."

पत्रं आता फाइलमध्ये आहेत आणि मी रिकामी. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? मला पुन्हा टांगलं नाहीत तरी चालेल. पण घरात कुणाचे डोळे थकले असतील, तर शेजारी बसून दोन पानं मोठ्यानं वाचा. ते नको म्हणतील. तरी आणखी एकदा विचारा.