खोकला नसलेलं गाव

पुतळानं भाताची दोन रोपं उपटून बांधावर आपटली. "बघा ग बायांनो! आवनी करून महिना नाय झाला आन शेंडे जळाले. भाताचं असं, तर मानसाच्या छातीचं काय होत असंल?"

नावड्याच्या अंगाला कारखाने आले तेव्हा गाव हरखलं होतं. आता पहाटे धूर खाली उतरायचा अन् घराघरातून नुसता खोकला. पुतळाचा नवरा गोमा त्यातल्याच एका कंपनीत कंत्राटावर पिंपं धुवायचा. खोकून खोकून बिचाऱ्याच्या बरगड्या वर आल्या होत्या. धुराच्या चौकशीला सरकारी साहेब येणार असं कळलं, तशी ही बाई दारोदार फिरली. सगळे म्हणाले, "तू बोल, आमी पाठीशी हाव." गोमासुद्धा म्हणाला, "मी सदरा काढून छाती दाखवतो. शब्द देतो तुला."

साहेब आले. देवळापुढं खुर्च्या, थंड्याच्या बाटल्या, शेजारी सरपंच चांगूशेट. कंपनीला पाणी पुरवणारे टँकर ह्याचेच! पुतळानं पदर खोचला अन् सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी विचारलं, "आणखी कुणाला त्रास आहे?"

एक हात वर येईल तर शपथ! शेवंताबाई तर देवळाचा कळसच बघत बसली. मेली कालच पुतळाच्या ओटीवर चहा पिऊन, "मी हाय ना" म्हणून गेली होती.

"बाई, तुमचे मालक कुठायत?"

गोमा उठला. खोकला दाबायला गालात लवंग धरलेली, मानेच्या शिरा ताठ. "मना काय नाय साहेब. बाईमानूस हाय, तिला वास सोसत नाय."

लोक हसले. साहेबही हसले, गाडीत बसले अन् गेले. पुतळाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडी वळते न वळते तोच गोमा देवळाच्या पायरीवर बसला अन् असा खोकला, की डोळे पांढरे झाले. दम धरून म्हणाला, "पुतळे, राग नको करू. चांगूशेट मना कंपनीत कायम करनार. कायम झालो का कंपनीचा डागदर फुकट. याच खोकल्यासाठी केलं ग!"

"आन कायम करायच्या आधी छातीचा फोटो काढतात, त्याचं काय? तुझ्याबरोबर पिंपं धुनाऱ्या ज्योतिबाला तो फोटो बघूनच घरी धाडला ना?"

"माझं तसं नाय होनार. चांगूशेटनं शब्द दिलाय."

"शब्द?" पुतळा म्हणाली. "तू मना दिलेलास, तसाच ना?"