जातं आलं असं समजावं

प्रयाग आत्याचं जातं सालईगडच्या वेशीतून आत आलं. भर दुपारी आलं, सगळ्या गावानं पाहिलं.

आता हे विसरून जा. असं काही झालंच नाही, असा ग्रामपंचायतीचा ठराव आहे आणि त्यावर पहिली सही माझ्या बापाची आहे. मीही ठराव मानतो. फक्त जे झालंच नाही ते कसं झालं, तेवढं सांगतो.

सालईगड कुहीच्या पुढं. किल्ला होता म्हणतात. आता नुसती वेस उरली आहे, दगडी कमानीची, भोसल्यांच्या वेळची. दार गेलं, तट गेला. तिच्याजवळ सरकारी पाटी आहे : या वास्तूस हानी पोहोचवणारा शिक्षेस पात्र राहील. गावातून बाहेर निघताना वेशीच्या डाव्या हाताला बोडीचं तळं, उजव्या हाताला आमची धानाची बांधी. म्हणजे आत जायला वेस, नाहीतर पोहणं, नाहीतर माझ्या बापाच्या शिव्या.

गावची एक रीत आहे. कोणी कायमचं राहायला आलं की आधी त्याचं जातं वेशीतून आलं पाहिजे. जातं आलं की ते घर. जातं नसलं की पाहुणा. पाहुण्याला आम्ही खूप मान देतो आणि आठ दिवसांनी एस.टी.ची वेळ सांगतो.

आत्या म्हणजे माझ्या बापाची मोठी बहीण. पांढऱ्या कपाळानं नागपुरात गेली, धरमपेठेत एका घरी एकोणीस वर्षं स्वयंपाक केला. चौऱ्याहत्तर साली ते घर विकलं आणि मालक शरच्चंद्र पुण्याला निघाले. जाताना त्यांनी आत्याला आरशाचं शिसवी कपाट दिलं. माया होती, शिवाय ते जिन्यातून नव्या घरी चढत नव्हतं.

आत्याला जायला एकच जागा होती : आमच्या घराची मागची खोली. आजा मरताना चार माणसांत बोलला होता, मागची खोली प्रयागची. चंपतरावांनी, म्हणजे माझ्या बापानं, त्या खोलीत बैलांच्या चाऱ्याचं कुटार भरलं होतं. कुटारही एकोणीस वर्षं तिथंच होतं. त्याचाही हक्क झाला होता.

मी आत्याला न्यायला गेलो. म्हटलं, "आत्या, बैलबंडी घेऊन येतो. सामान केवढुसं हाये?"

"बंडीनं हाकलून देल्ली बाई येते," आत्या म्हणाली. "मी कंपनीनं येईन. दिसलं पाहिजे लोकाईले का प्रयाग राहाले आली."

म्हणून मी 'अखंड भारत घरसामान वाहतूक कंपनी' ठरवली. नावात अखंड भारत होता, ट्रक एकच होता. पण अटी छापील होत्या. सातवी अट : जड वस्तू सर्वांत आधी, केबिनच्या पाठीला लावून चढवली जाईल. त्याप्रमाणे जातं आधी चढलं. मग ट्रंक, भांड्यांचं पोतं, लोखंडी खाट. शेवटी कपाट. ट्रकात अजून दोन म्हशी मावल्या असत्या.

ड्रायव्हर गिरिधर म्हणाला, "बाई, कपाट आडवं टाकतो."

"आडवं टाकलं त दिसन का?"

"कोणाले?"

"गावाले! उभं कर. खाटेवर उभं कर."

गिरिधरनं माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं. कपाट खाटेवर उभं राहिलं आणि दोरांनी बांधलं गेलं. रस्त्यानं लोकांनी त्याच्या आरशात आपापली गावं उलटी पाहिली.

चार दिवस झोडपून पाऊस त्या दिवशी उघडला होता. रोवणीचे दिवस, बांध्या तुडुंब, चिखलातून वाफा निघत होत्या. ट्रक वेशीत शिरला. केबिन आत गेली, केबिनच्या पाठीचं जातंही आत गेलं. मग वरून कर्रर्र आवाज आला, कपाट कमानीत अडकलं आणि आम्ही थांबलो.

"फसला," गिरिधर म्हणाला, पावसाबद्दल बोलावं तसा. समोर सात हातांवर मारुतीचा पार. पुढं जाता येत नव्हतं. "मागं घेतो. बाहेर उतरवू, डोक्यावर नेऊ."

"खबरदार!" आत्या पदर खोचून ट्रकात चढली आणि जात्यावर बसली. "जातं आत आलं हाये. आत आलेलं जातं बाहेर गेलं म्हणजे घर मोडलं. मले मोडून नेतं का रे मुडद्या?"

तेवढ्यात माझा बाप आला. त्याच्या तोंडावर फार दिवसांनी आनंद दिसला.

"घ्या ना मागं," तो म्हणाला. "काहून थांबले?"

"चंपत, जातं कोठी हाये पाय."

"ट्रकात हाये. ट्रक कोठी हाये? वेशीत हाये. वेस म्हणजे गाव नोहे, बाई. तू पाहुणी हायेस. चांगली राह्य आठ दिवस, पुरणपोळ्या खाय."

"अन् मंग?"

"मंग साडेदहाची एस.टी. हाये."

एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या चुलीपुढं आत्याचा चेहरा तापला होता, पण असा लाल मी पाहिला नव्हता. जात्याच्या खुंट्यावर तिचा हात गच्च होता. तो सुटला असता तर तिला जगात जागा नव्हती, हे तिला ठाऊक होतं. मलाही. म्हणून मी विनोद केला नाही. एवढाच वेळ.

मग गावातून जयवंताबाईची बंडी आली, पऱ्ह्याच्या, म्हणजे रोवायच्या धानरोपांच्या, पेंढ्यांनी भरलेली. मागं आणखी अकरा बंड्या. बाहेर शेतात बाया चिखलात उभ्या.

"काढा वं हे धूड!" जयवंताबाई ओरडली. "पऱ्हं सुकून राह्यलं माहं!"

"मी नाई हालत," आत्या म्हणाली.

"मंग आमी कोठून जावं गा?"

बारा बंडीवाल्यांनी डावीकडं पाहिलं. बोडी. मग उजवीकडं पाहिलं. माझ्या बापाची बांधी, परवाच रोवलेली, हिरवीगार. बैलांनीसुद्धा तिकडंच पाहिलं. जयवंताबाईनं कासरा उजवीकडं ओढला.

"ए! ए! थांब वं!" बाप धावला.

"मंग जातं आलं म्हण, चंपतभाऊ. ते उतरू दे, ट्रक मागं जाऊ दे."

बापानं बहिणीकडं पाहिलं, धानाकडं पाहिलं. धान तरणं होतं.

"आलं," तो म्हणाला.

"मोठ्यानं बोल."

"आलं म्हणतो ना! आलं, आलं, जातं आलं!"

चौघांनी जात्याच्या दोन्ही तळ्या केबिनवरून खाली घेतल्या. आत्या मागं मागं चालली, नवरीसारखी, पण तोंड वर करून. मी खोलीतलं कुटार बाहेर काढलं.

मग गिरिधरनं ट्रक मागं घेतला आणि कमानीवरचं दगडी कमळ खाली पडलं. दोनशे वर्षं ते पडलं नव्हतं. कपाटाच्या आरशाला ओरखडा नाही.

सरपंच रुपराव पाटी वाचत उभे राहिले. त्यांना ती पहिल्यांदाच पूर्ण समजली. "ट्रक आलाच नाई," ते म्हणाले. "कमळ आंधीपासूनच पडेल हाये. लिहा ठराव." गिरिधर म्हणाला, मी तर आज नागपुरातच आहे. अन् कपाट बाहेर ठेवून तो नागपुरात गेलाही. सह्या झाल्या. बापानं सगळ्यांत आधी केली. मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता.

दुसऱ्या सकाळी आत्या दळत होती. बाप दारात येऊन म्हणाला, "बाई, राह्य आठ दिवस. मनानं राह्य."

"काहून आठ?"

"ट्रक आला नाई. ट्रक आला नाई त जातं कोठून आलं? मी सही केली हाये. खोटा कसा बोलू?"

"मंग हे मी काय फिरवून राह्यली?"

"ते तू जाण."

आठव्या दिवशी त्यानं एस.टी.ची वेळ सांगितली. आत्यानं मान हलवली आणि जात्यात आणखी मूठभर ज्वारी टाकली. नवव्या दिवशी त्यानं पुन्हा सांगितली. आता चौथं वर्ष आहे. तो रोज तिच्याच हातची भाकर खात वेळ सांगतो. एस.टी.ची वेळ दोनदा बदलली, तीही त्यानं न चुकता कळवली. कुटार दारापर्यंत येऊन बसलं आहे. कपाट वेशीबाहेर चिंचेखाली उभं आहे. पाऊस आला की एस.टी.ची वाट पाहणारे त्यात उभे राहतात.

पण पाहुणीला रेशन कार्ड मिळत नाही. मतदार यादीत नाव चढत नाही. बाप गेल्यावर खोली कोणाची, हे विचारायलाही नाव कुठं तरी असावं लागतं. म्हणून मी अर्ज केला, दर सहा महिन्यांनी करतो. हा सातवा :

"मा. सरपंचसाहेब, ग्रामपंचायत सालईगड यांस. विषय : न आलेल्या ट्रकातून आलेल्या जात्याबाबत. महोदय, उपरोक्त ट्रक गावात आला नाही, हा ठराव अर्जदारास पूर्ण मान्य आहे. कमळ आधीपासून पडलेले आहे, हेही मान्य आहे. तरी ट्रक आला नाही हे कायम ठेवून, त्यातील कपाट, खाट व ड्रायव्हर आले नाहीत हेही कायम ठेवून, फक्त जाते आले असे समजण्यात यावे, व श्रीमती प्रयागबाई यांची नोंद पाहुणी या सदरातून कमी करून माणूस या सदरात घेण्यात यावी, ही नम्र विनंती."