एल्मीरच्या वाट्याची अंजिरं

आता जे सांगायचं आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. न बसला तरी चालेल. आपल्या या बायूच्या, या संथ पाण्याच्या काठानं माणसं पिढ्यान्‌पिढ्या इतक्या थापा मारत आली आहेत की कुणी खरं बोललं तर त्याला ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून बघतात. पण एल्मीर लातियोलेनं आपलं राहतं घर करवतीनं उभं कापलं आणि अर्ध्या घरात लग्न लावलं, हे इतकं खरं आहे की सांगणाऱ्यालाच संकोच वाटावा.

तिचा नवरा थेओजेन. माणूस सज्जन, पण कशालाही त्याचं उत्तर एकच, "वेळ आहे की." छपराचा पत्रा गळतोय? वेळ आहे की. मृत्युपत्र करायचं? वेळ आहे की. आणि एका शुक्रवारी, मांडीवर खेकड्याच्या गंबोचा, दाट रश्श्याचा वाडगा घेऊन बसल्या बसल्या गेला. चमचा मुठीत असा धरला होता की सोडवेना. शेवटी चमच्यासकट पुरला.

क्रियाकर्म आटोपल्यावर नोटरी देरुआंनं एल्मीरला कायदा समजावला. लुइझियानात लग्नानंतर जे कमावलं ते दोघांचं, अर्धं अर्धं. घर लग्नानंतरचं, तेव्हा अर्धं तिचंच. थेओजेनचं अर्धं मात्र गेलं ओविदकडे, म्हणजे त्याच्या पहिल्या बायकोच्या मुलाकडे.

"पण त्या अर्ध्यावर तुमची युझुफ्रुई आहे, मादाम," नोटरी म्हणाला. "मरेपर्यंत, किंवा दुसरं लग्न करेपर्यंत."

नोटरीचं फ्रेंच कॉलेजातलं आणि एल्मीरचं चुलीपुढचं. एवढ्या लांबलचक शब्दातलं तिच्या कानात राहिलं ते शेवटचं 'फ्रुई'. फ्रुई म्हणजे फळ. परसात फळाचं झाड एकच होतं, अंजिराचं.

"म्हणजे फळं माझी?" तिनं विचारलं.

"फळं तुमचीच," नोटरी घड्याळाकडे बघत म्हणाला. तो बोलत होता कायद्यातल्या फळाबद्दल. ती घरी गेली आणि अंजिराचा मुरंबा करायला बसली.

ओविद समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर नोकरीला. जमिनीवर असला की रविवारी प्रार्थनेनंतर हटकून यायचा, बापाच्या खुर्चीत बसायचा, एल्मीरची कॉफी प्यायचा आणि खुंट्या न्याहाळायचा.

"ही टोपी कुणाची, एल्मीरआई?"

"तुझ्या बापाची."

"त्याची काळी होती."

"उन्हानं विटली."

"घरात लटकून?"

"तुझ्या बापाची होती बाबा, तिच्याकडून फार अपेक्षा नको ठेवू."

टोपी होती युलिस गिद्रोची. युलिस विधुर, सायप्रसच्या लाकडाच्या होड्या बनवणारा, स्वतः मात्र एका जुनाट घरनावेत राहणारा. दर आठवड्याला एल्मीरसाठी बदक घेऊन यायचा.

"किती वाळलेलं रे हे," ती म्हणायची. "तू मारलंस, का तुझ्याकडे बघून यानंच जीव दिला?"

"तुझ्याकडे यायचंय म्हटल्यावर खुशीनं मेलं."

एकदा पिसं काढता काढता तो म्हणाला, "एल्मीर, माझी नाव गळते, नावेचं छप्पर गळतं आणि हिवाळ्यात माझं नाकही गळतं. कुठंतरी कोरडं बसावंसं वाटतं."

"तुला मी पाहिजे का माझं छप्पर?"

"छप्पर बघितलंय मी तुझं. त्याच्यापेक्षा तूच बरी."

एल्मीर हसली, पण हो म्हणायच्या आधी परसात जाऊन झाडाखाली उभी राहिली. दुसरं लग्न केलं की फळं जाणार. तिच्या मुरंब्याला सगळ्या परगण्यात तोड नव्हती. बराच वेळ तिनं एकेका फांदीकडे बघितलं. मग आत येऊन म्हणाली, "जाऊ देत अंजिरं. तुझ्यापायी तेवढं सोडलं."

युलिसला यातलं काही कळलं नाही, पण बाई आपल्यासाठी काहीतरी सोडतेय म्हटल्यावर त्याचे डोळे भरून आले.

पुढच्या रविवारी फादर आन्सेल्मनी चर्चमध्ये लग्नासाठी दोघांची नावं जाहीर केली. ओविद तिसऱ्या बाकावर होता. तो चिडेल असं तिला वाटलं होतं. तो हसला.

बाहेर आल्यावर टोपी काढून तो अदबीनं म्हणाला, "अभिनंदन, एल्मीरआई. पेट्रोलपंपवाला कधीचा मागं लागलाय. सांगतो त्याला, जागा सुटतेय म्हणून."

एल्मीर तशीच नोटरीच्या घरी. तो जेवायला बसला होता.

"फळ म्हणजे झाडाचं फळ नव्हे, मादाम," तो म्हणाला. "त्या अर्ध्यात राहणं, झोपणं, चूल पेटवणं, हे फळ. लग्न झालं की ते संपलं. मग ओविद कोर्टात वाटणी मागेल. घराची काही वाटणी होत नाही, तेव्हा सगळंच विकायला निघेल. अर्धे पैसे तुमच्या हातात येतील."

"अर्ध्या पैशात घर येतं?"

"अर्धं येत असेल."

"आणि यातून काही वाट?"

"होती. थेओजेननं एक ओळ लिहायची होती, की लग्न केलं तरी मरेपर्यंत राहू दे. मी दोनदा सांगितलं त्याला."

"काय म्हणाला ते विचारत नाही," एल्मीर म्हणाली.

ती घरी आली तर घर कालचंच, पण तिला त्यात कुठं बसावं सुचेना. या खुर्चीत बसायचं तर विधवा म्हणून. त्या पलंगावर टेकायचं तर विधवा म्हणून. युलिसच्या नावेत जावं तर तिथल्या ओलीनं तिचे गुडघे पहिल्याच आठवड्यात धरले असते. लग्नाशिवाय युलिसला घरात घ्यावं तर फादर आन्सेल्म प्रसाद देणार नाहीत, आणि युलिसच म्हणाला, "मागच्या दारानं मी बदक घेऊन येतो, एल्मीर. नवरा म्हणून पुढच्याच दारानं येईन." दारं सगळी सताड उघडी होती. मेलेला माणूस हातात चमचा घेऊन त्या प्रत्येक दारात उभा होता, आणि त्याला कसलीही घाई नव्हती.

आता इथून पुढं सांभाळून ऐका.

ओविद फलाटावर गेलेला बघून एल्मीर युलिसला म्हणाली, "अर्धं माझंच आहे ना? मग कुठलं अर्धं ते ठरवून टाकू. करवत आण."

युलिसनं सायप्रस कापायची दोन माणसांची करवत आणली. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. छप्पर कापलं, ओसरी कापली, जेवायचं टेबल कापलं. करवतीची रेघ चुलीवरून गेली. तेव्हापासून गंबोचा मसाला एका अंगाला खमंग भाजायचा आणि दुसऱ्या अंगाला पांढराफटक राहायचा. भिंतीवरचं घड्याळ मधोमध आलं. ते पुढं फक्त साडेसहाचे ठोके द्यायला लागलं. कुत्रं रेघेवर झोपलं होतं, त्याला उठवलं. नाही म्हणजे, उठवलंच.

मग फादर आन्सेल्मना बायूच्या बाजूनं तिच्या अर्ध्यात आणून लग्न लावलं. स्वयंपाकघरात ती मादाम गिद्रो, निजायच्या खोलीत विधवा लातियोले. मीठ आणायला पलीकडे जायची तर काळी शाल घेऊन जायची, येताना खुंटीला अडकवून यायची. ओविद आला की पलीकडे बसून त्याला कॉफी द्यायची, आणि युलिस अलीकडून ओरडायचा, "त्या बाईंना म्हणावं, माझ्या बायकोला पाठवा, मटण लागतंय."

त्या वसंतात बायूला पूर आला. कापल्यामुळे हलकं झालेलं एल्मीरचं अर्धं घर खाली ठेवलेल्या युलिसच्या उपड्या होड्यांवर अलगद उचललं गेलं आणि चूल पेटती ठेवून प्रवाहाला लागलं. ओविद काठानं ट्रक पळवत ओरडत होता. ओसरीवर एल्मीर पाय सोडून बसली होती, शेजारी युलिस बदक सोलत होता. खाली खाडीच्या तोंडाशी, जिथं कुणाचीच जमीन नाही, तिथं ते घर टेकलं, आणि अजून दोघं तिथं...

"खोटं आहे, अमेदेकाका," लूसिंद म्हणाली. एल्मीरची ही भाची एवढा वेळ मान खाली घालून झिंगे सोलत होती. "घर अख्खं आहे. सकाळीच मावशीच्या स्वयंपाकघरात कॉफी पिऊन आले मी. ओविदही होता, खुर्चीत. करवत कुणी आणली नाही. त्या रविवारी मावशी नोटरीकडून निघाली ती सरळ युलिसच्या नावेवर गेली आणि त्याला नाही म्हणून आली. परवाच्या थंडीत युलिस वारला, तेव्हा चर्चमध्ये पुढच्या, घरच्यांच्या बाकावर त्याच्या बहिणी बसल्या होत्या. मावशी पार मागं होती, दाराजवळ, शेजारपाजारच्या बायकांत."