टकटकबाईच्या आठ मात्रा

नाच चाळीस सेकंदांचा होता आणि त्यातला पावलांचा आवाज पार गेला होता.

तो परत आणायचं काम चाहूलकडे आलं. चाहूल हे काही तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच पडून असे. स्टुडिओत सगळे तिला चाहूलच म्हणत, कारण तिचं कामच ते. चित्रपट तयार झाला की पडद्यावरची माणसं जशी चालतील तशी तिनं बंद खोलीत माइकसमोर चालायचं. चोर दबकत आला की ती दबकायची, म्हातारा डॉक्टर जिना चढला की ती धापा टाकत चढायची. बर्फ तुडवायचा असला तर मक्याच्या पिठाची पिशवी, आणि बागेतली वाट हवी असली तर खडीचा ट्रे. प्रेक्षकांना वाटायचं, नट चालतोय. चालत असायची ही.

ठकूच्या जन्मानंतर दीड वर्ष ती घरी होती. परतल्यावरचं हे पहिलं मोठं काम, आणि ते असं, की हातात आल्यापासून तिची झोपच उडाली होती. आनंदानं.

एक जुना कृष्णधवल हॉलिवूडपट होता. त्यातली नाचणारी बाई बुटांच्या तळव्यांना लोखंडी पत्र्या लावून टॅप नाचायची, म्हणजे पायांनीच ताशा वाजवायची म्हणा ना. चित्रपटाची एकच प्रत उरली होती, आणि तीही ओल लागलेल्या गोदामात. वाद्यवृंदाची वेगळी फीत सापडली होती. चाळीस सेकंदांतली पावलं मात्र ओलीनं खाल्ली होती. उद्या संध्याकाळी मोठ्या पडद्यावर खेळ होता. आज पाच वाजता चित्रपट-संग्रहालयाच्या बाई येऊन ऐकणार होत्या. पटलं तर नाच पावलांसकट दाखवायचा; नाही तर नुसत्या संगीतावर, मुका.

“मुका टॅप,” ध्वनिमुद्रक म्हणाला, “म्हणजे बाई हवेत पाय झाडतेय असं वाटणार. त्यापेक्षा कापून टाका म्हणावं.” या ध्वनिमुद्रकाला सगळे कानसेन म्हणत. वय पन्नाशीपुढचं, स्वभाव कुरकुरा, पण कान असे की शेजारच्या इमारतीतला पंखा कुरकुरला तरी ऐकू यावा.

चाहूलनं तो नाच पहिल्यांदा पाहिला तेव्हा खुर्चीच्या कडेवर येऊन बसली होती. हॉटेलाच्या काउंटरवरून बाई उडी मारून खाली येते, येताना तीन पायऱ्यांना पाय लावते न लावते, आणि फरशीवर उतरल्यावर पाय कुठले नि सावली कुठली ते कळेनासं होतं. वरचं अंग मात्र शांत. कमरेखाली वादळ आणि कमरेवर जणू बाई बसची वाट बघत उभी आहे. चाहूलनं ते अकरा वेळा मागे घेऊन पाहिलं. चित्र हळू केलं, एकेक टाच, एकेक चवडा कागदावर उतरवला. एका सेकंदात नऊ ठोके भरले. तिनं पुन्हा मोजले. नऊच.

“हे माणसाचं काम नाही हो दादा.”

कानसेननं मग तिला एक गोष्ट सांगितली. त्या काळी नाच चित्रित व्हायचा तेव्हाचा पावलांचा आवाज पुष्कळदा वापरतच नसत, तो नीट येतच नसे. मग नाचणारे नंतर येऊन, स्वतःचंच चित्र बघत, लाकडाच्या फळीवर तीच पावलं पुन्हा वाजवायचे. या बाईनंही तसंच केल्याची नोंद वाद्यवृंदाच्या फितीच्या डब्यावरच होती. म्हणजे बंद खोली, एक फळी, समोर पडदा, कानाला यंत्र. म्हणजे ही जगभर गाजलेली बाई एके काळी चाहूलचंच काम करत होती. त्या दिवशी घरी जाताना चाहूल जिना उतरली नाही, वाजवत गेली.

पंधरा दिवस तिनं सराव केला. चामडी बुटाला पत्र्या ठोकल्या. आवाज डब्यासारखा आला, म्हणून पत्रीचे स्क्रू अर्धा आटा सैल केले, आणि मग तो गोल, भरलेला ठोका मिळाला. घरी ठकू झोपली की स्वयंपाकघरात फळी टाकून टाच-चवडा, टाच-चवडा. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, की सुतार अजून किती दिवस आहे. सासूबाईंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि सुनेकडे नुसतं बघितलं. हे कसलं काम, ते त्यांना आजवर धड कळलं नव्हतं, आणि चाहूलनंही कधी बसून सांगितलं नव्हतं. ‘एका जुन्या पिक्चरचं आहे’ एवढंच.

आज दुपारी अडीचला त्यांचा पहिला संपूर्ण टेक झाला.

अडचण एकच जागा होती. नाचाच्या मध्यावर कॅमेरा पावलांवरून वर जातो आणि नऊ सेकंद नुसता बाईचा चेहरा दिसतो. पाय चौकटीबाहेर. त्यातच आठ मात्रा वाद्यवृंद एकदम बंद होतो. कानसेनला यात काहीच कोडं वाटत नव्हतं. वाद्यं थांबतात ती पायांना मोकळं मैदान द्यायलाच. टॅपवाले अशाच जागी आपली सगळी कमाई दाखवतात, हे त्यानं शंभर वेळा ऐकलेलं. तेव्हा त्या आठ मात्रांत चाहूलनं होतं नव्हतं ते सगळं ओतलं होतं. एक ठोका चुकला नव्हता.

दोघांनी ऐकलं. कानसेननं मान हलवली, म्हणजे त्याच्या हिशेबी कौतुक झालं.

चाहूलला मात्र ते नीटनेटकं आणि मेलेलं वाटलं. बाकीची तीसेक सेकंदं झकास. त्या चेहऱ्यापाशी आलं की वाटायचं, बाईच्या तोंडी दुसऱ्याच कुणाचं बोलणं घातलंय. काय खटकतंय ते सांगता येईना. कानसेन म्हणाला, पाय दिसतच नाहीत, तर कोण बघायला येणार आहे. ती म्हणाली, मला दिसतंय ना. काय दिसतंय, तर तेही सांगता येईना. पाचाला अडीच तास उरले होते.

तिनं घरी फोन लावला. सकाळपासूनचा हा सहावा. आधीच्या पाचांत ठकूनं खाल्लं का, काय खाल्लं, किती सांडलं, गॅसचं बटण बंद आहे ना आणि बाल्कनीच्या दाराला कडी आहे ना, हे सगळं विचारून झालं होतं. सासूबाईंनी फोन उचलला आणि पलीकडून काहीच आवाज आला नाही. टीव्ही नाही, खेळणं नाही, ठकूची बडबड नाही. घरात मूल असलं की आवाजाची भीती नसते. घर गप्प झालं की समजावं, काहीतरी नाकात गेलंय नाही तर पिठाचा डबा उपडा झालाय.

“आई, ठकू कुठंय? आवाज येत नाहीये.”

“इथंच आहे, माझ्या पायाशी. मुंगी बघतेय.”

“मग बोलत का नाहीये?”

“अगं, बघतेय ना. बघताना कुणी बोलतं का? सगळं अंग डोळ्यांत आलंय पोरीच्या. श्वाससुद्धा घेईना.” आणि मग, सुनेचा आवाज ओळखून, “तुझं काय बिनसलंय?”

चाहूलनं एरवी सांगितलं नसतं. आज सांगितलं. जुना पिक्चर, टॅप नाचणारी बाई, हॉटेलाच्या काउंटरवरून उडी.

मग सासूबाईंचा आवाज आला तो त्यांचा नव्हताच, कुणा सतरा वर्षांच्या पोरीचा होता. “टकटकबाई? तू टकटकबाईचं काम करतेयस, आणि पंधरा दिवस मला सांगत नाहीस?”

पिक्चर त्यांच्या तरुणपणीही जुनाच होता, पण गावातल्या थिएटरात सकाळच्या खेळाला लागायचा. बाईचं लांबलचक नाव कुणाला म्हणता येईना, म्हणून सगळे तिला टकटकबाई म्हणायचे. सासूबाई आणि त्यांच्या धाकट्या बहिणीनं तो चार वेळा पाहिला होता, त्यात एकदा घरी शिवणाच्या वर्गाला जातो म्हणून. बहिणीनं चपलांना खिळे ठोकून घेतले होते आणि मार खाल्ला होता. एवढं सांगता सांगता त्या हसत होत्या. चाहूलनं त्यांना इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

“आई, कॅमेरा तिच्या तोंडावर येतो तेव्हा पाय काय वाजतात, आठवतंय?”

“तिथं वाजत नाहीत.”

“म्हणजे?”

“म्हणजे ती थांबते तिथं. गाणंपण थांबतं, तीपण थांबते. आमच्याकडं लोकांना वाटायचं मशीन बंद पडलं. शिट्ट्या मारायचे. आणि ती तशीच बघत राहायची आपल्याकडं, अशी मजेत, की बघते तुम्ही काय करता. मग एक टाच. टक. आणि जी सुटायची ना...”

कानसेननं फोनच्या स्पीकरवर हे ऐकलं आणि मान आडवी हलवली. सासूबाईंबद्दल त्याला आदर होता, पण पन्नास वर्षांपूर्वीच्या आठवणीवर काही तो आवाज काढून टाकणार नव्हता. वाद्यं बंद, वर पायही बंद, असं कुठला नाचणारा करतो? त्याला पुरावा हवा होता. आणि खरं सांगायचं तर चाहूललाही. दोघांचा जन्म आवाज भरण्यात गेला होता. रिकामी जागा दिसली की भरायची, एवढंच हाताला ठाऊक. तिथं काही नसेलच, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

तिनं चेहऱ्याचा तुकडा पुन्हा लावला, आवाज पूर्ण बंद करून. ठकू मुंगी बघत होती तसं बघितलं.

आणि तिला डूल दिसले.

बाईच्या कानांत लांब, लोंबते डूल होते. पंधरा दिवस ते समोर होते. पण ही पावलांची माणसं, कानांकडे कोण बघतो? चाहूलनं आधीचा तुकडा लावला, जिथं पायही दिसत होते आणि डूलही. टाच आपटली की डूल सरळ खाली हिसकत होता. चवडा वाजला की नुसता बाजूला हलत होता. एक हिसका, एक टाच. तिनं वीस ठोके ताडून पाहिले. वीसही बरोबर.

“दादा, इकडं या. कानांनी नको, डोळ्यांनी.”

कानसेन चष्मा पुसून आला. चेहऱ्याची नऊ सेकंदं एकेक चित्र पुढे सरकवत दोघांनी पाहिली. सुरुवातीला डूल हिसकत होते, डावा, उजवा, डावा डावा. वाद्यवृंद थांबला तिथं ते दोन झोके घेऊन मंदावले आणि लटकून राहिले. बाईनं एक भुवई उचलली. बस. पाच मात्रा, सहा, सात. आठवीच्या शेवटी, वाद्यं परतायच्या अगदी आधी, उजवा डूल एकदाच खाली हिसकला.

एक टाच.

“आईशप्पथ,” कानसेन हळूच म्हणाला. साऱ्या जगाला पाय दाखवायची वेळ आली, आणि ही बाई गप्प उभी राहिली. आणि पुढं त्या फळीवर आवाज भरायला आली तेव्हाही तिनं त्या जागेला हात लावला नाही. “केवढी छाती लागते याला.”

चाहूलला हसूही येत होतं आणि रडूही. पण घड्याळात चार वाजायला आले होते.

करायला गेल्यावर कळलं, काही न करणं सगळ्यांत अवघड आहे. एका पायावर भार, दुसरी टाच अधांतरी, माइक वीतभर अंतरावर. पहिल्या वेळी पाचव्या मात्रेला सवयीनं चवडा वाजलाच. दुसऱ्या वेळी ती पुतळ्यासारखी उभी राहिली आणि तिचा गुडघा कट्कन बोलला. कानसेन म्हणाला, डूल गप्प आहेत, तर गुडघा बोलायला लागला. तिसऱ्या वेळी तिनं मात्रा मोजणंच सोडून दिलं. पडद्यावरच्या त्या भुवईकडे बघत राहिली, श्वास न घेता, सगळं अंग डोळ्यांत आणून. डूल हिसकला. टक. आणि वाद्यवृंद कोसळला तसे तिचे पाय सुटले, सेकंदाला नऊ, आणि यातलं आपण किती करतोय आणि ती बाई किती करतेय याचा तिला पत्ता राहिला नाही.

पाच वाजता संग्रहालयाच्या बाई आल्या. पिशवी मांडीवर घेऊन, चेहरा सरळ ठेवून बसल्या. नाच सुरू झाला. काउंटर, पायऱ्या, फरशी. पावलं अशी उमटत होती, की बाईंची पिशवीवरची बोटं आपोआप चालायला लागली. मग चेहरा आला. वाद्यं थांबली. पावलं थांबली.

खोलीत काहीही वाजत नव्हतं.

बाईंनी चमकून कानसेनकडे बघितलं. हात उचलून यंत्राकडे दाखवला, की आवाज गेला वाटतं. कानसेन जागचा हलला नाही. त्यानं फक्त एक बोट वर धरलं. थांबा. पडद्यावर टकटकबाई मजेत बघत होती.

टक.

बाई खुर्चीतच उडाल्या. मग जे सुरू झालं ते संपेपर्यंत त्यांनी पिशवी सोडून दिली होती, आणि ती जमिनीवर पडल्याचंही त्यांना कळलं नव्हतं. संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, “ते पुन्हा लावता का?”

पुन्हा लावलं. या वेळी चाहूलनं घरी फोन लावून स्पीकरसमोर धरला. टेकडीवरून धोंडे गडगडत यावेत तशी पावलं आली, आणि मग आठ मात्रांची शांतता. फोनमधूनही काही ऐकू येईना. ठकूची बडबड नाही, सासूबाईंचा श्वास नाही.

या वेळी तिनं ठकू कुठंय ते विचारलं नाही. पलीकडे दोघी, मुंगी बघावी तशा, ऐकताहेत, एवढंच तिला कळलं.

टक झालं, आणि त्याच्या मागोमाग, जरा उशिरा, फोनमधून कुणीतरी लाकडी चमच्यानं फरशीवर टक केलं. ती ठकू होती की सासूबाई, ते चाहूलसारख्या कानाच्या बाईलाही सांगता आलं नाही.