सव्वातीन वाजताची रेघ

डॉक्टरांनी लांबलचक कागद टेबलावर पसरला आणि पेनाचं टोक एका जागी टेकवलं. वरखाली उड्या मारत आलेली रेघ तिथे एकाएकी सपाट झाली होती.

"काल दुपारी सव्वातीनला काय करत होतात तुम्ही?"

अल्काला प्रश्नच कळला नाही. नवऱ्याबरोबर ती सकाळीच नागऱ्याहून गोंदियाला आली होती. दोन वर्षं तिची छाती अधूनमधून धडधडायची. बिड्या वळता वळता हात थांबायचे. घरचे म्हणायचे, मनाचं आहे. शेवटी या डॉक्टरांनी एका दिवसासाठी हृदयाचे ठोके टिपणारं यंत्र दिलं. छातीला चिकटपट्ट्या, त्यांच्या तारा, कमरेला डबी. चोवीस तास काढायचं नाही, असं बजावलं होतं.

"इथे हृदय सहा सेकंद थांबलंय," डॉक्टर म्हणाले. "त्यानंतरच्या तासाभरात आणखी दोनदा. आजच नागपूरला जावं लागेल. पेसमेकर बसवावा लागेल."

अल्काच्या डोळ्यांपुढे आधी पिंकी आली, नववीतली लेक. मग सव्वातीन हा आकडा डोक्यात शिरला आणि ती खुर्चीत ताठ झाली.

मे महिन्याच्या घामाने काल छाती नुसती खाजत होती. दोन वाजता तिने पट्ट्या ओढून काढल्या. देवाजी, तिचा नवरा, जेवून राइस मिलमध्ये कामावर निघाला होता. तो हसला.

"खाली कायले ठेवतेस? डॉक्टर बोंबलंल. आन इकडं, मी घालतो."

जादा दिलेल्या पट्ट्या त्याने छातीला चिकटवल्या, वरून सदरा चढवला. पाचला तो परतल्यावर तिने डबी पुन्हा आपल्या कमरेला बांधली.

"डॉक्टरसाहेब," ती पुढे झुकली. "तवा ते मशीन माह्या अंगावर नव्हतं."

तिने सगळं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. कागद मागेपुढे सरकवत राहिले.

"म्हणून या तीन तासांची रेघ वेगळी. मला वाटलं, पट्ट्या सरकल्या असतील." त्यांनी वर पाहिलं. "तुमच्या रेघेत भिण्यासारखं काही नाही, बाई. ते काम काय करतात?"

"धानाचे पोते उचलतेत."

"आत्ता कुठे आहेत?"

डॉक्टर उठेपर्यंत अल्का दारापाशी पोचली होती.

देवाजी व्हरांड्यातल्या बाकावर कुणा म्हाताऱ्याशी हिंदीत गप्पा मारत होता. तिला पाहून उठला.

"का झालं? एवढी पांढरी काऊन पडली?"

तिने दंड धरून त्याला खाली बसवलं. हात मात्र सोडला नाही.

"काल सव्वातीनले मिलमधी का झालतं तुमाले?"

देवाजीचं हसू ओठांवरच राहिलं. त्याने मान खाली घातली.

"तुले कोनं सांगतलं?" तो हळूच म्हणाला. "मी तर समद्यायले शपथ घातली होती."