समोरच्या दाराची वाट

डॉक्टर "नडीरी अम्मा, नडीरी" म्हणाले आणि तानुबाई पिशवी उचलून तरातरा बाहेर पडली. कानडी तिला येत नव्हती असं नाही. पण खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडून 'नडीरी' तिनं जन्मभर एकाच अर्थानं ऐकलं होतं: चला, निघा इथून.

तिचा मुलगा सुनीलकुमार मागून धावत आला. "माय, जा म्हणत न्हाईत ते. शुगर वाढलीय, रोज अर्धा तास चाल म्हणायलेत."

"मंग तसं सांगावं की. आन् चालू कुठं, ते बी इचार जा."

सुनीलकुमारनं ते विचारलं नाही. "चालते म्हणाली," एवढं डॉक्टरांना सांगून तो परत आला.

या बाईला चालायचं कुणी शिकवावं? तीस वर्षं ती अंगणवाडीत मदतनीस होती. रोज सकाळी घराघरांतून पोरं गोळा करत गावभर हिंडायची. पुढं गुडघे कुरकुरायला लागले, तरी ओट्या-ओट्यानं चालायची. चार घरं झाली की एखाद्या ओट्यावर टेकायचं, पाणी प्यायचं, त्या घरच्या सुनेला दोन टोमणे मारायचे आणि उठायचं. शेवटचा ओटा घरासमोरच्या लिंगम्माचा. तिथं बसून दोघींनी चाळीस वर्षं तंबाखू मळली आणि गावातल्या प्रत्येकाची लक्तरं वेशीवर टांगली.

दोन वर्षांपूर्वी दोघींच्या घरांमधला, हुलसूरकडं जाणारा रस्ता रुंद झाला. लोकांनी पेढे वाटले. मग ओटे गेले, लिंबाची दोन झाडं गेली, कडेला उघडी गटार आली आणि मधोमध दुभाजक, त्यावर छातीएवढे लोखंडी गज. रस्ता आखणाऱ्या शहाण्यांना गाड्या दिसल्या, माणसं काही दिसली नाहीत. लिंगम्माचं दार होतं तिथंच होतं, चाळीस पावलांवर. पण आता तिथं जायचं म्हणजे पेट्रोलपंपापाशी दुभाजक संपेपर्यंत अर्धा मैल चालायचं, वळायचं आणि तेवढंच पलीकडून परत यायचं.

उन्हाळ्यात लिंगम्माचं अर्धं अंग लुळं पडलं. तिची सून जगदेवी तिच्या कानाला फोन लावायची.

"तानू, कामून येईनास गं?" लिंगम्मा बोबड्या जिभेनं विचारायची. "दारात दिसायलीस की मला."

"येते गं. उद्या येते."

डॉक्टरांचा अर्धा तास तिनं त्याच वाटेवर घालवायचा ठरवला. पहिल्या दिवशी मोबाइलच्या दुकानापर्यंत पोचली आणि पायरीवर टेकली. दुकानदार म्हणाला, "अक्का, उठा की तेवढं, गिऱ्हाईक यायलेत." दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूनं एक मोटारसायकल अंगावर आली. तानुबाई वाचली, चप्पल गटारीत गेली.

ती अनवाणी घरी आलेली बघून सुनीलकुमार चिडला. "गावाबाहेर वॉकिंग ट्रॅक केलाय नव्हं? ऑटोनं जात जा तिथं."

"चालायला ऑटोनं जाऊ? डोस्कं फिरलंय का रे तुमचं?" तानुबाई कडाडली. "मला लिंगीकडं जायचंय."

"बरं, रविवारी सोडतो स्कूटरवर."

असे तीन रविवार आले आणि गेले. एकदा लग्न निघालं, एकदा स्कूटर बिघडली, एकदा तो विसरला. पोटचा पोरगा, पण त्याला दुसऱ्यांदा आठवण करून द्यायची तिला लाज वाटली.

गुरुवारी लिंगम्माला बिदरला दवाखान्यात नेलं. शुक्रवारी दिवस कलताना जगदेवीचा फोन आला. ती रडत होती. "मावशी, अत्ती गेल्या. आत्ताच आणलंय. दिवस बुडायच्या आत न्यायचंय, लवकर या."

सुनीलकुमार भालकीला गेलेला. तानुबाईनं ऑटोला हात केला; भरलेला होता, थांबला नाही. ती चालायला लागली. गटार आणि गाड्या यांच्यामधल्या वीतभर जागेतून, कुठंही न टेकता. दम लागला, गुडघ्यात कळा आल्या. पंप दिसायला लागला तेव्हा पलीकडून हलगी ऐकू आली. मसणवाटाही पंपाकडंच होता.

ट्रॅक्टर सावकाश येत होता. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे लिंगम्माला ट्रॉलीवर फुलांच्या विमानात, मखरासारख्या आसनावर बसवलं होतं. तोंड उघडं, कपाळभर विभूती. किती महिन्यांनी ती अशी ताठ बसलेली दिसली.

तानुबाई रस्त्यात घुसली. ब्रेक करकचले, कुणीतरी शिवी दिली. दुभाजकापाशी पोचून तिनं गजांमधून हात घातला. तो कोपरापर्यंतच गेला.

"लिंगे, आले गं मी!"

हलगीत ते कुणाला ऐकू गेलं नाही. ट्रॅक्टर पुढं गेला, मागची माणसंही गेली.

"ओ आजी, मरायचंय का? बाजूला व्हा!"

तानुबाईनं हात बाहेर काढला, पदर सारखा केला आणि गाड्या थांबायची वाट बघत गजांना पाठ लावून उभी राहिली. गाड्या थांबत नव्हत्या.