नावाचा रकाना

मी एक जुनी जन्म-मृत्यूची वही आहे. वय? पंच्याऐंशी! पांढुर्ण्याच्या एका रेकॉर्ड रूममध्ये सगळ्यात खालच्या फळीवर पडून असते. पण मित्रांनो, मला कमी समजू नका हं. लोधीखेड्याकडच्या बारा गावांत कोण जन्मलं, कोण गेलं, सगळं मला ठाऊक आहे. निदान मला तसं वाटायचं.

नवी होते तेव्हा काय थाट होता माझा! लाल कापडी पुठ्ठा, करकरीत पानं. दर आठवड्याला गावोगावचे कोटवार, म्हणजे गावचे राखणदार, जन्ममृत्यूची खबर घेऊन ठाण्यावर यायचे. त्यांना लिहिता येत नसे. ते सांगत आणि मुन्शी टाक बुडवून माझ्यात लिहीत. पटकीच्या साली एका दिवसात माझी चार पानं भरली. मुन्शीचा हात दुखला. माझं काय दुखलं ते विचारू नका.

मग सगळे मला विसरले. वाळवीने मागची पानं खाल्ली. गेल्या वर्षी मात्र कोणीतरी माझ्या पानापानाचे फोटो काढून इंटरनेटवर ठेवले. फुकट! कोणीही बघावं. मी अशी फुगले म्हणून सांगू!

तेच फोटो पाहून सौसरहून अकरावीतली प्रज्ञा आली. सोबत तिची चौऱ्याऐंशी वर्षांची आजी, केसरबाई. केसरबाई आठ दिवसांच्या असताना त्यांची आई वारली. घरात दुसरी आई आली आणि पहिलीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. दर अक्षय तृतीयेला एकेकाचं नाव घेत पितरांची घागर भरताना केसरबाई आईच्या नावापाशी येऊन गप्प व्हायच्या. डोळे मिटायच्या आधी एकदा तरी ते नाव घ्यायचं, एवढीच त्यांची इच्छा.

"फोटोत नावाचा रकाना कोराच दिसून राहिला होता, आजी. शाई उडाली असन. खऱ्या वहीत दिसते, पाय तू."

"पायतो बाई. आधार कार्डात तं मले पासष्टचीच करून ठेवलं त्याहीनं!"

प्रज्ञाने पान उघडलं. तारीख बरोबर. गाव बरोबर. वय एकोणीस. कारण, बाळंतपण. नावाच्या जागी एक बारीक आडवी रेघ, आणि पुढच्या रकान्यात 'यशवंताची बायको'. खाली, खबर देणाऱ्याच्या जागी, कोटवाराचा नाही, यशवंताचाच अंगठा.

शाई उडाली नव्हती, मित्रांनो. मला तो दिवस आठवतो. मुन्शीने तीनदा विचारलं, "बाईचं नाव?" बायकोचं नाव चारचौघांत कसं घ्यायचं? यशवंता लाजला. मान खाली घालून म्हणाला, "लेकराची माय." मुन्शीने रेघ ओढली.

"म्हंजे बाबा सोता आला होता," केसरबाई हळूच म्हणाल्या. "त्याले तं मालूम होतं न वं."

केसरबाईंनी पदराने तो अंगठा पुसून पाहिला. तो निघाला नाही.

मित्रांनो, मला वाळवीपासून वाचवा, जपा, जरूर जपा. पण जे मला सांगितलंच नाही, ते मी कुठून देऊ? आजच घरी जा. आईच्या आईचं नाव विचारा, तिच्याही आईचं विचारा. कोणी लाजलं, तर पुन्हा विचारा. आणि लिहून ठेवा.

माझ्या उरलेल्या पानांत नावाच्या जागी नुसती रेघ असलेल्या अशा दोनशे अकरा बायका आहेत. त्यांच्या नाती-पणत्याही कधीतरी येतील. मी त्यांना तारीख दाखवीन, गाव दाखवीन, आजार दाखवीन.